शाळेजवळ जंगल नाही. नववीच्या मुलांना जैवविविधतेचं सर्वेक्षण वर्गातच कसं शिकवावं?

दोन चार्ट पेपर आणि सहा प्रकारची कडधान्यं एवढं पुरतं. मी विज्ञान शिकवते आणि दर वर्षी हा तास घेते.

प्रत्येक कागदावर १० बाय १०, म्हणजे १०० चौकोन आखा. एक कागद देवराई, दुसरा निलगिरीची लागवड. दोन्हींवर १०० दाणे, म्हणजे १०० झाडं. देवराईत पाच जाती, प्रत्येकीचे २०. लागवडीतही पाचच जाती, पण निलगिरीचे ८० आणि देवराईतल्याच चार जातींचे पाच-पाच. देवराईतले दाणे सारखे पसरू नका, कुठे घोळके करा, कुठे मोकळं सोडा.

आता ० ते ९ अंकांच्या चिठ्ठ्या डब्यात घाला. एक चिठ्ठी आडव्या ओळीची, ती परत टाकून दुसरी उभ्या ओळीची. असे दहा वेगळे चौकोन काढून दाणे मोजायचे आणि दहाने गुणायचं.

चिठ्ठ्या टाळू नका, सगळं त्यातच आहे. पहिल्या वर्षी मी मुलांना चौकोन स्वतःच निवडू दिले. हात आपसूक दाट घोळक्यांकडे गेले. दहा चौकोनांत २७ दाणे निघाले, म्हणजे अंदाज २७० झाडांचा! 'यादृच्छिक' (आपल्या मनाने नाही, चिठ्ठीवर सोडलेली निवड) याचा अर्थ त्या दिवशी कळला तसा व्याख्येतून कधी कळला नव्हता.

मग सिम्पसनचा निर्देशांक काढा, म्हणजे विविधता मोजणारा आकडा; तो जितका एकाजवळ, तितकी विविधता जास्त (ब्रिटिश संख्याशास्त्रज्ञ एडवर्ड सिम्पसन यांनी १९४९ साली मांडलेला). प्रत्येक जातीच्या वाट्याचा (१०० पैकी २० म्हणजे ०.२०) वर्ग करा, सगळ्यांची बेरीज एकातून वजा करा. पूर्ण मोजणीवर देवराईचं उत्तर ०.८० येतं, लागवडीचं ०.३५. जाती दोन्हीकडे पाचच, तरी एवढा फरक! इथे मुलांना भरपूर बोलू द्या, घाई करू नका.

लागवडीत बहुतेक गटांना पाचही जाती सापडणार नाहीत. त्यांचं चुकलं असं म्हणू नका. एखाद्या जातीचे पाच दाणे पाच वेगळ्या चौकोनांत असले, तरी दहा चौकोनांत त्यातला एकही न येण्याची शक्यता सुमारे ५८ टक्के असते. वीस चौकोन घेतले की ती ३२ टक्क्यांवर येते. दुर्मीळ जात 'नाही' म्हणण्याआधी नमुने का वाढवायचे, हे मुलं मग स्वतःच सांगतात.

पावसाळ्यात शाळेच्या मैदानावर गवत आलं, की बांबूच्या चार काठ्या बांधून एक मीटरची चौकट करा. चिठ्ठ्या त्याच, फक्त चौकोनांऐवजी पावलं मोजायची.