डॉक्टरेट करायचीय म्हणतेस, पण प्रश्न कुठला?

प्रिय पोरी,

तुझा मेसेज वाचला. तीन युनिव्हर्सिट्यांचे स्क्रीनशॉट, फीचा हिशोब, खाली "ताई, नोकरी सांभाळून यातली कुठली झेपेल?" आणि त्याच्याही खाली थोड्या वेळाने, "की सरळ पीएचडीच करू?" हे शेवटचं वाचून मी कपाळावर हात मारला. अगं नर्सिंगमधली डीएनपी ही प्रॅक्टिसची डॉक्टरेट करायची की पीएचडी हे काय फीचा आकडा बघून ठरवतात का कोणी?

तू मेहनती आहेस, तुला जमेल वगैरे मी लिहीत बसणार नाही. सांगलीकडची बीएस्सी नर्सिंग घेऊन एनसीएलेक्स, म्हणजे इथल्या नर्सिंग लायसन्सची परीक्षा, काढलंस, ग्रीन कार्डाच्या रांगेत थांबलीस, आता टेक्ससमध्ये मेड-सर्ज फ्लोअरवर, म्हणजे मेडिसिन-सर्जरीच्या वॉर्डात, नाइट्स करतेस, तुला झेपण्याचं काय कौतुक सांगायचं. मला खटकलं ते वेगळंच. एवढ्या लांबलचक मेसेजमध्ये तुला कशाचं उत्तर शोधायचंय ते कुठेच नाहीये. एक ओळसुद्धा नाही.

आधी प्रश्न, मग युनिव्हर्सिटी. हे मी या पत्रात सारखं म्हणणार आहे, वैताग आला तरी वाच. प्रश्न नसताना प्रोग्रॅम शोधणं म्हणजे हॉल बुक करून मग मुलगा बघायला निघणं.

आता डीएनपी आणि पीएचडीचं सांगते, कारण तुझ्या डोक्यात दोन्हींची खिचडी झालीय. पीएचडी ही संशोधनाची डिग्री. नवीन काहीतरी शोधायचं, आयआरबीची, म्हणजे संशोधन नियमात बसतं का ते तपासणाऱ्या समितीची परवानगी, स्टॅटिस्टिक्सचे कोर्सेस, डिझर्टेशन, आणि नोकरी करत असशील तर चार-सहा वर्षं आरामात जातात. डीएनपी म्हणजे डॉक्टर ऑफ नर्सिंग प्रॅक्टिस, तिथे आधीच सिद्ध झालेलं आपल्या जागी नीट लागू करून दाखवायचं. अमेरिकन असोसिएशन ऑफ कॉलेजेस ऑफ नर्सिंगने २००४ मध्ये ठराव केला की ॲडव्हान्स्ड प्रॅक्टिसच्या नर्सेसना २०१५ पर्यंत मास्टर्सच्या जागी डीएनपी असावी. २०१५ आलं आणि गेलं, मास्टर्सवाल्या नर्स प्रॅक्टिशनर्स अजून बिनधास्त काम करतायत, पण त्या निमित्ताने कॉलेजांचं पेव फुटलं. आज चारशेच्या वर डीएनपी प्रोग्रॅम आहेत आणि त्यातले कितीतरी ऑनलाइन. ऑनलाइन म्हणजे काहीतरी हलकं असं तुझ्या त्या चार्ज नर्सला वाटत असेल तर तिला सांग, पिट्सबर्गच्या ड्युकेन युनिव्हर्सिटीने नर्सिंगची ऑनलाइन पीएचडी १९९७ सालीच सुरू केली होती. हलकं-भारी ऑनलाइनवर ठरत नाही. तू काय विचारतेयस त्यावर ठरतं.

म्हणून परत तेच. प्रश्न. आणि तो तुझ्या वॉर्डातला हवा, तुझ्या डोळ्यासमोर घडणारा, इतका छोटा की मोठ्या माणसांसमोर बोलायला लाज वाटावी.

माझ्या डीएनपीचा प्रश्न कुठून आला सांगते. मी कार्डिॲक स्टेपडाउनला, म्हणजे आयसीयूच्या खालच्या पायरीच्या हृदयविकाराच्या वॉर्डात होते, अजूनही आहेच. एक आजोबा, रिटायर्ड बस ड्रायव्हर, हार्ट फेल्युअर, डिस्चार्ज होऊन महिना झाला नाही तोच पाय सुजून, धापा टाकत परत ॲडमिट. त्यांच्या आधीच्या डिस्चार्जच्या कागदावर सगळं व्यवस्थित लिहिलेलं, अंगात पाणी साठतंय का ते कळायला रोज सकाळी वजन करा, एका दिवसात दोन-तीन पौंड किंवा आठवड्यात पाच पौंड वाढलं तर लगेच फोन करा. चार्टमध्ये टिकमार्क, पेशंटला समजावलं, पेशंटला समजलं. मी आयव्ही लासिक्स, ते पाणी काढायचं औषध, देता देता सहज विचारलं, काटा आहे ना घरी? म्हणाले आहे की, बाथरूममध्येच आहे. मग वजन करत नाही का? तर म्हणे उभा राहिलो की पोटामुळे आकडा दिसत नाही आणि वाकलो की दम लागतो. आधी बायको वाचून सांगायची.

झालं. हाच प्रश्न. आम्ही सगळ्याजणी वर्षानुवर्षं "रोज वजन करा" सांगत होतो आणि काट्यावरचा आकडा दिसतो का हे एकीनेही विचारलं नव्हतं. त्यावरून डिस्चार्जच्या आधी विचारायचे मोजके प्रश्न तयार झाले, काटा आहे का, आकडा वाचता येतो का, वाचून लिहिणार कुठे, फोन कुणाला करणार, आणि पेशंटने स्वतःच्या तोंडाने परत सांगायचं, आपण मान डोलावून घ्यायची नाही. ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी आकडा बोलून सांगणारा काटा. बस एवढंच. पीडीएसएच्या (प्लॅन-डू-स्टडी-ॲक्ट) सायकल्स, थोडं बदला, बघा, परत बदला. आणि वरच्यांनी परवानगी का दिली माहितीये? कारण मेडिकेअरने, म्हणजे म्हाताऱ्यांच्या सरकारी आरोग्य विम्याने, ऑक्टोबर २०१२ पासून तीस दिवसांत परत ॲडमिट होणाऱ्या पेशंट्सवरून हॉस्पिटलांना दंड लावायला सुरुवात केली, पेमेंटच्या ३ टक्क्यांपर्यंत, आणि हार्ट फेल्युअर त्या यादीत पहिल्यापासून आहे. त्यांना दंडाची काळजी, मला आजोबांच्या पोटाची. जमलं आमचं.

हे तुला हुरूप यावा म्हणून नाही सांगत. माझ्याबरोबरच्या कितीतरी हुशार मुली कोर्सवर्क धडाधड संपवून प्रोजेक्टपाशी येऊन अडकल्या. दर बुधवारी डिस्कशन बोर्डवर पोस्ट, रविवार रात्रीपर्यंत वर्गातल्या दोघींच्या पोस्टला उत्तरं, संदर्भ लिहायच्या एपीए नियमांची सातवी आवृत्ती, ते सगळं होतं गं, झोप मोडून होतं. पण प्रपोजलच्या वेळी चेअरने, म्हणजे प्रोजेक्टच्या गाइडने, विचारलं की तुझ्या युनिटची अडचण काय, की गप्प. मग मॅनेजर जो विषय हातात देईल तो, नाहीतर बर्नआउट. सगळ्यांचं बर्नआउट! बर्नआउट खरंच असतं, मला माहितीये, पण तुझ्या फ्लोअरवर ते नेमकं कुठल्या तासाला होतं ते सांग की. सकाळी सातच्या हँडओव्हरला? की पहाटे चारला लॅब ड्रॉ, टर्न करणं आणि कॉल बेल एकदम येतात तेव्हा? एवढं खाली उतरलीस तर मी ऐकेन.

एक खंत मात्र आहे. माझ्या युनिटमध्ये फरक पडला, पण तो का पडला हे मी आजही छातीठोक सांगू शकत नाही. काट्यामुळे? फोन नंबर मोठ्या अक्षरात छापला म्हणून? की कोणीतरी पाच मिनिटं पलंगाजवळ बसून बोललं म्हणून? ते शोधायला पीएचडी लागली असती. माझ्या प्रोजेक्टला आयआरबीकडून पत्र आलं की हे संशोधन नाही, क्वालिटी इम्प्रूव्हमेंट आहे, सबब पूर्ण तपासणीची गरज नाही. सगळ्या मैत्रिणींनी अभिनंदन केलं, सुटलीस म्हणून. मला मात्र ते वाक्य लागलं होतं. घरात दोन पोरं शाळेत, नवऱ्याची नोकरी त्या वर्षी डळमळीत, पीएचडीची वर्षं मोजायची सोय नव्हती. तेव्हा घेतलेला निर्णय बरोबरच होता, परत तीच वेळ आली तर परत तेच करेन. फक्त तुला "का" चा किडा चावला असेल तर तू डीएनपी करू नकोस, तडफडशील. आणि "हे आत्ताच्या आत्ता दुरुस्त का होत नाहीये" असं होत असेल तर पीएचडीत तुझा जीव गुदमरेल. बघ, इथेसुद्धा फीचा संबंध नाही, प्रश्नाचाच आहे.

बरं, पैशाचं. हॉस्पिटल ट्युइशन रिइम्बर्समेंट, म्हणजे भरलेली फी परत, देतं ना? वर्षाला ५,२५० डॉलरपर्यंत टॅक्स लागत नाही, पण करारातला बारीक टाइप वाच, मधेच नोकरी सोडलीस तर परत मागतात. शिकवायचं पक्कं असेल तर नर्स फॅकल्टी लोन प्रोग्रॅम बघ, फुलटाइम शिकवलंस तर ८५ टक्क्यांपर्यंत कर्ज माफ होतं, पण तुझी युनिव्हर्सिटी त्यात असायला हवी. फेडरल लोनचे नियम बदललेत. जुलै २०२६ पासून नव्या विद्यार्थ्यांना ग्रॅड प्लस हे सरकारी कर्ज मिळणार नाही, साध्या ग्रॅज्युएट विद्यार्थ्याला वर्षाला २०,५०० डॉलरची मर्यादा, आणि नर्सिंगला प्रोफेशनल डिग्रीच्या वरच्या मर्यादेत घ्यायचं का यावरून भांडणं झालीयत, त्यामुळे फायनान्शियल एडवाल्यांकडून लेखी घे. फोनवर गोड बोलणारा तो एनरोलमेंट ॲडव्हायजर असतो, त्याला प्रवेश भरायचे असतात.

आणि त्याला हेही विचार की क्लिनिकल तासांचं काय. पुष्कळ डीएनपी प्रोग्रॅमना बीएस्सीनंतरचे मिळून १,००० तास लागतात, तुझ्या प्रोग्रॅमचा आकडा विचारून घे. ऑनलाइन म्हणजे लेक्चर ऑनलाइन, हे तास ऑनलाइन नाहीत, आणि प्रीसेप्टर, म्हणजे प्रत्यक्ष कामावर शिकवणारी अनुभवी व्यक्ती, कॉलेज शोधून देणार की तूच दारोदार फिरणार हे कुठल्याच ब्रोशरवर ठळक लिहिलेलं नसतं. तुझ्या राज्यातले विद्यार्थी घ्यायची त्यांना परवानगी आहे का, सीसीएनई किंवा एसीईएन या नर्सिंग प्रोग्रॅम तपासणाऱ्या संस्थांची मान्यता आहे का, हे स्वतः त्यांच्या साइटवर जाऊन बघ. यात एक जरी "नाही" आलं तरी तो प्रोग्रॅम फुकट मिळाला तरी नको.

नाइट्सचं म्हणशील तर सलग तीन नाइट्स लाव, पण त्यानंतरचा पहिला दिवस अभ्यासाचा धरू नकोस. मी धरायचे, आणि एकच परिच्छेद चार-चारदा वाचून शेवटी लॅपटॉपवर डोकं ठेवून झोपायचे. दुसऱ्या दिवशी बस. शिफ्टमध्ये खिशात छोटी वही ठेव, फोन नको, फोनमध्ये लिहिलेलं आपण परत बघत नाही. ज्या ज्या वेळी तोंडातून "हे असं का करतात इथे" निघेल तेव्हा तिथल्या तिथे एक ओळ. पेशंटचं नाव, रूम नंबर काही लिहायचं नाही, नुसती अडचण. अशाने प्रश्न सापडतो. पबमेडवर, त्या शोधनिबंधांच्या साइटवर, बसून नाही सापडत, पबमेड नंतर.

आता तू जे विचारलं नाहीस पण तुला विचारायचं होतं ते. "डॉक्टरेट झाल्यावर तुम्ही अजून बेडसाइडला कशा?" सगळेच विचारतात. मराठी मंडळाच्या गणपतीत दरवर्षी कोणीतरी विचारतंच, डॉक्टर म्हणजे नेमक्या कसल्या हो तुम्ही? मी सांगते, नर्स. कॅलिफोर्नियात एका डीएनपी झालेल्या नर्स प्रॅक्टिशनरला स्वतःला डॉक्टर म्हणवलं म्हणून २०२२ मध्ये जवळजवळ वीस हजार डॉलर भरावे लागले, त्यामुळे त्या उपाधीच्या नादाला मी लागत नाही. मला डायरेक्टरची पोस्ट आली होती. नको म्हटलं. लोकांना वाटतं घाबरली. घाबरले नव्हते, ऑफिसात बसलं की पुढचा आजोबा काय सांगतो ते कानावर येत नाही, येतो तो रिपोर्ट, आणि रिपोर्टमध्ये "पेशंटला समजावलं, पेशंटला समजलं" एवढंच असतं. पगारात फार फरक पडला नाही हे खरं आहे, घरच्यांनी ते बोलून दाखवलं हेही खरं आहे. पण आमच्या युनिटला नव्याने आलेली पोरगी डिस्चार्जला काट्याचा आकडा दिसतो का विचारते, तिला कोणी सांगितलं हे तिला ठाऊकही नसतं, आणि मला ते पुरतं. पुरतंच. तुला पुरायला हवं असं नाही. तुला डायरेक्टर व्हायचं असेल तर हो, मी कोण अडवणारी. पण मग तसं स्पष्ट म्हण आणि त्यासाठी एमबीए किंवा लीडरशिपची डीएनपी बघ, उगाच पेशंट केअरची तळमळ स्टेटमेंट ऑफ पर्पजमध्ये लिहू नकोस.

परत जाऊन तिकडे कॉलेजात शिकवायचं असं मागे एकदा बोलली होतीस. ते अजून मनात असेल तर थांब जरा. यूजीसीच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे भारतातल्या विद्यापीठांना डिस्टन्स किंवा ऑनलाइन पीएचडी देताच येत नाही, नोकरी करता करता पार्टटाइम करता येते पण त्याला एनओसी लागते. आणि एडटेक कंपन्या परदेशी युनिव्हर्सिटीच्या नावाने ज्या ऑनलाइन पीएचडी विकतात त्या मान्य नाहीत असं यूजीसी आणि एआयसीटीईने त्याच वर्षी मिळून जाहीर केलंय. इथून ऑनलाइन केलेली डॉक्टरेट तिथे कशाला धरतील हे आत्ताच लेखी विचारून ठेव, नर्सिंग कौन्सिलला आणि नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाला, दोघांनाही. पाच वर्षं घालवून मग विचारू नकोस. आणि बघ, इथेही तेच येतं, सांगली-मिरजेच्या वॉर्डातला प्रश्न आणि टेक्ससच्या वॉर्डातला प्रश्न एक नाही. तिकडे एका नर्सच्या वाट्याला किती पेशंट येतात ते तुला मी सांगायला नको. कुठल्या वॉर्डासाठी शिकतेयस ते ठरव, मग डिग्री कुठली आणि कुठून ते आपोआप ठरेल.

माझं जुनं प्रपोजल मागितलंस, नमुना म्हणून. नाही पाठवणार. राग येऊ दे. ते वाचलंस की तू पण हार्ट फेल्युअरवर लिहिशील, आणि तुझ्या फ्लोअरवर हार्ट फेल्युअरचे पेशंट मोजकेच असतात हे मला माहितीये. त्याऐवजी महिनाभर ती वही लिही, तेवढ्यात कुठली ॲडमिशन बंद होत नाही, आणि त्यातल्या ज्या ओळीवर तू सारखी परत येतेस ती मला पाठव, एकच ओळ. स्क्रीनशॉट नकोत. मग फोन कर, दुपारी दोननंतर, त्याआधी मी झोपलेली असते.

तुझी,
ताई