आधी पत्ता तपासा, मग पोर्ट उघडा

टॉरेंट म्हणजे लोकांच्या संगणकांनी एकमेकांना थेट फाइलचे तुकडे देण्या-घेण्याची पद्धत, आणि पोर्ट म्हणजे बाहेरची जोडणी आत येण्याचं क्रमांक दिलेलं दार. टॉरेंटसाठी घरच्या राउटरवर पोर्ट कसं उघडायचं, याबद्दलचे प्रश्न वाचताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा जाणवली. लोक राउटरच्या सेटिंगमध्ये तासन्‌तास खटपट करतात, पण आपल्या घरापर्यंत बाहेरून पोचता येईल असा आयपी पत्ता मिळालाय का, हे आधी बघत नाहीत. म्हणून पहिलं उत्तर जरा सविस्तर देतो आहे.

प्रश्न : उबुंटू आणि डेबियन या लिनक्स प्रणालींच्या आयएसओ फाइली (इन्स्टॉल करायच्या प्रती) मी क्यूबिटटॉरेंट या टॉरेंट प्रोग्रॅमवरून सीड करतो, म्हणजे इतरांना देत राहतो. डाउनलोड झकास होतं, अपलोड मात्र जेमतेम. व्हिडिओ बघून राउटरवर ६८८१ पोर्ट फॉरवर्ड केलं, म्हणजे त्यावर येणारी जोडणी माझ्या संगणकाकडे वळवली, तरी तपासणीत पोर्ट बंदच दिसतं. (धायरी)

राउटरमध्ये लॉगिन करा आणि स्टेटसच्या पानावरचा वॅन आयपी (राउटरला कंपनीकडून मिळालेला पत्ता) लिहून घ्या. मग 'व्हॉट इज माय आयपी' असं सर्च करून बाहेरच्या जगाला दिसणारा पत्ता बघा. दोन्ही एकच असतील तर पत्ता तुमचा आहे. वेगळे असतील आणि वॅन आयपी १००.६४ ते १००.१२७ यांपैकी कशाने तरी सुरू होत असेल, तर तुम्ही सीजी-नॅटच्या मागे आहात. आयपीव्ही४ या जुन्या पत्तेपद्धतीचे एकूण पत्ते जेमतेम ४३० कोटी. ते पुरत नाहीत म्हणून इंटरनेट कंपन्या एकच पत्ता अनेक घरांत वाटतात, हेच सीजी-नॅट, आणि त्यासाठी हा पट्टा २०१२ मध्ये राखून ठेवला गेला. काही जण त्याऐवजी १० ने सुरू होणारा पत्ता देतात. अर्थ तोच. सोसायटीच्या वॉचमनला 'माझ्याकडे येणाऱ्याला वर सोडा' म्हणून सांगून ठेवावं आणि पाहुण्याला मुख्य रस्त्यावरच अडवावं, तशी ही गत आहे. तुमच्या राउटरमधलं सेटिंग अगदी बरोबर असेल, पण त्याच्यापर्यंत कुणी पोचतच नाही.

यावर उपाय म्हणजे कंपनीकडे पब्लिक (बाहेरून पोचता येणारा) किंवा स्टॅटिक (न बदलणारा) आयपी मागणे. त्याचे बहुधा वेगळे पैसे पडतात. फोन करताना 'स्पीड येत नाही' अशी तक्रार करू नका; 'सीजी-नॅटमधून काढा, पब्लिक आयपी हवा' असं नेमकं सांगा. दुसरा मार्ग आयपीव्ही६ या नव्या पत्तेपद्धतीचा. तो तुमच्या जोडणीवर चालू असेल तर संगणकाला स्वतःचा जाहीर पत्ता मिळतो. तिथे फॉरवर्डिंग करावं लागत नाही, फक्त राउटरच्या आयपीव्ही६ फायरवॉलमध्ये त्या पोर्टला परवानगी द्यायची.

पत्ता तुमचाच निघाला तर ६८८१ सोडा. ६८८१ ते ६८८९ हा बिटटॉरेंटचा सुरुवातीच्या काळातला पट्टा. तो सगळ्यांना ठाऊक असल्याने अनेक ठिकाणी अडवला किंवा मंदावला गेला. ४९१५२ ते ६५५३५ मधला कुठलाही आकडा घ्या. क्यूबिटटॉरेंटच्या टूल्स, ऑप्शन्स, कनेक्शनमध्ये तो टाका आणि दर वेळी नवं पोर्ट निवडण्याचा पर्याय चालू असेल तर बंद करा. राउटरमध्ये फॉरवर्डिंगचं सेटिंग पोर्ट फॉरवर्डिंग, व्हर्च्युअल सर्व्हर किंवा नॅट या नावाखाली सापडेल. तिथे टीसीपी आणि यूडीपी (माहिती पाठवण्याच्या दोन पद्धती) दोन्ही निवडा, कारण आजचे टॉरेंट प्रोग्रॅम बरीचशी वाहतूक यूडीपीवरून करतात आणि डीएचटी (फाइल असलेले इतर संगणक शोधण्याची यंत्रणा) तर पूर्णपणे त्यावरच चालतं. तपासताना क्यूबिटटॉरेंट चालू हवं. ऐकायला कुणी नसेल तर फॉरवर्ड केलेलं पोर्टही बंदच दिसतं. स्वतःच्या वायफायवरून स्वतःचाच पब्लिक आयपी उघडून बघू नका, पुष्कळ राउटर असं आतून बाहेर जाऊन परत आत येऊ देत नाहीत. मोबाइल डेटावरून किंवा पोर्ट तपासणाऱ्या साइटवरून बघा.

पोर्ट बंद असलं तरी टॉरेंट अडत नाही, कारण तुमचा संगणक स्वतःहून बाहेर जोडणी करू शकतो. अडचण येते ती दोन्ही टोकांना पोर्ट बंद असताना. उबुंटूला सीडर भरपूर, तिथे तुमच्या बंद पोर्टाने कुणाचं फारसं बिघडत नाही. पण एखादी दुर्मिळ फाइल तुमच्यासह दोघा-तिघांकडेच असेल, तर तुमचं पोर्ट उघडं असणं लाखमोलाचं आहे. मला तरी पोर्ट उघडण्याचं खरं कारण हेच वाटतं.

प्रश्न : फायबरच्या डब्याला मी स्वतःचा राउटर जोडला आहे. राउटरवर फॉरवर्ड केलेलं पोर्ट चालत नाही. डब्यावर केलं तर दोन दिवस चाललं, मग बंद. (कोथरूड)

ही दोन वेगळी दुखणी आहेत. तुमच्या राउटरचा वॅन आयपी १९२.१६८ ने सुरू होत असेल तर घरातच दोनदा नॅट (पत्त्यांची अदलाबदल) होतंय, एकदा डब्यात आणि एकदा राउटरमध्ये. फायबरचा डबा ब्रिज मोडवर (राउटरचं काम न करता जोडणी नुसती पुढे देणारा) टाकून घ्या, किंवा स्वतःचा राउटर ॲक्सेस पॉइंट मोडवर (फक्त वायफाय पुरवणारा) ठेवून फॉरवर्डिंग डब्यावरच करा. मी बहुतेकांना दुसरा मार्ग सुचवेन. ब्रिज करायचा असेल तर पीपीपीओईचं (कंपनीच्या जाळ्यात लॉगिन करण्याच्या पद्धतीचं) युजरनेम, पासवर्ड आणि व्हीलॅन आयडी (त्या जाळ्यातल्या तुमच्या जोडणीचा क्रमांक) आधी कंपनीकडून मिळवा, नाहीतर इंटरनेट बंद आणि हेल्पलाइनही लागत नाही अशी पाळी येईल. डब्याला लँडलाइन जोडलेली असेल तर तीही चालू राहील का, ते विचारा.

दोन दिवसांनी बंद पडण्याचं कारण बहुधा डीएचसीपी, म्हणजे घरातल्या उपकरणांना आपोआप पत्ते वाटणारी राउटरची सोय. संगणकाला नवा आतला पत्ता मिळाला आणि नियम जुन्याच पत्त्याकडे बोट दाखवत राहिला. राउटरच्या ॲड्रेस रिझर्व्हेशनमध्ये संगणकाच्या मॅक पत्त्याला (हार्डवेअरच्या क्रमांकाला) कायमचा आयपी बांधून द्या. विंडोजमध्ये रँडम हार्डवेअर ॲड्रेस चालू असेल तर घरच्या वायफायपुरता तो बंद करा, नाहीतर रिझर्व्हेशन टिकणार नाही.

प्रश्न : यूपीएनपी चालू केलं की सगळं आपोआप होतं. मित्र म्हणतो, धोका आहे. (हडपसर)

मित्राचं बरोबर आहे. यूपीएनपीमध्ये घरातलं कुठलंही उपकरण तुम्हाला न विचारता राउटरवर पोर्ट उघडू शकतं. टॉरेंटसाठी ते सोयीचं, पण स्वस्तातला सीसीटीव्ही कॅमेराही तेच करू शकतो. २०१६ साली मिराई या घातक प्रोग्रॅमने असेच कारखान्यातल्या पासवर्डवर चाललेले, बाहेरून पोचता येणारे कॅमेरे आणि राउटर लाखोंनी ताब्यात घेतले होते. यूपीएनपी बंद करून एकच पोर्ट हाताने उघडा.

राउटरमधल्या डीएमझेड या सेटिंगच्या वाट्याला तर जाऊच नका. त्याने तिथे निवडलेल्या संगणकाची सगळीच पोर्टं बाहेर उघडी पडतात, फाइल शेअरिंगचं ४४५ सुद्धा. मे २०१७ मधला वॉनाक्राय हा खंडणी मागणारा व्हायरस ४४५ मधूनच पसरला. राउटरचं रिमोट मॅनेजमेंटही (बाहेरून त्याची सेटिंग बदलण्याची सोय) बंद आहे ना, ते आजच बघून घ्या.

प्रश्न : पुरुषोत्तम करंडकाच्या तालमींचं रेकॉर्डिंग, ४० जीबी, तिघांच्या घरी पोचवायचं आहे. टॉरेंट करू का? (सदाशिव पेठ)

ठरलेल्या तिघांमध्येच फाइली फिरणार असतील तर सिंकथिंग हा प्रोग्रॅम वापरा. ते मोफत आहे, वाहतूक एन्क्रिप्टेड असते आणि तुम्ही मंजूर केलेल्या उपकरणांशिवाय कुणालाही फाइल मिळत नाही. एकाच्या घरी २२००० पोर्ट टीसीपी आणि यूडीपीसाठी उघडता आलं तर उत्तम. नाहीच जमलं तर ते रिलेमार्फत (मधल्या सर्व्हरवरून) चालतं, फक्त वेग बराच कमी मिळतो. हिशेब आधी करून ठेवा : २० एमबीपीएस अपलोडवर ४० जीबी एकाला पाठवायला साडेचार तास लागतात, १०० वर तासाच्या आत होतं.

प्रश्न : वडिलांच्या संग्रहातल्या नाट्यपदांच्या जुन्या तबकड्या डिजिटल करून टॉरेंटवर ठेवल्या तर गुन्हा होईल का? (शनिवार पेठ)

टॉरेंट हे तंत्र बेकायदा नाही, प्रश्न आशयाचा आहे. आपल्याकडे ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षं राहतो. म्हणजे १९५८ मध्ये निघालेल्या तबकडीचा २०१८ अखेर संपला. पण पदाचे शब्द आणि चाल यांचा हक्क वेगळा, तो रचनाकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं चालतो. दोन्ही बाजू तपासून प्रत्येक तबकडीचा स्वतंत्र निर्णय घ्या आणि मोकळ्या झालेल्या तबकड्या जरूर ठेवा. हे काम कुणीतरी करायलाच हवं. हक्क शिल्लक असलेली फाइल मात्र नुसती डाउनलोड करतानाही टॉरेंटवर तुम्ही तिचे तुकडे इतरांना देत असता. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३ मध्ये त्यासाठी सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि दंड आहे.

प्रश्न : टॉरेंट चालू असलं की मुलाची ऑनलाइन मीटिंग अडखळते. (औंध)

अपलोड पूर्ण भरतंय. स्पीड टेस्टमध्ये दिसेल त्या अपलोडच्या ७०-८० टक्क्यांवर मर्यादा घाला आणि एकूण कनेक्शन्स दोनशेच्या आसपास आणा. स्वस्त राउटर शेकडो जोडण्यांनी गुदमरतात. क्यूबिटटॉरेंटमध्ये पर्यायी वेगमर्यादेचं वेळापत्रक आहे. मुलाच्या कामाच्या वेळेत कमी आणि रात्री पूर्ण वेग, असं लावून ठेवा.