नॅनोकण, सूक्ष्मकण की अब्जांश कण?

खानापूरचे एक वाचक बेळगावातल्या एका दवाखान्यासाठी मराठीत माहितीपत्रक लिहीत आहेत. 'नॅनोपार्टिकल'ला 'सूक्ष्मकण' म्हटलं तर चालेल का, असं त्यांनी विचारलंय.

नाही चालणार. 'सूक्ष्म' आपण केव्हाच मायक्रोला देऊन बसलोय, सूक्ष्मदर्शक काय, सूक्ष्मजीव काय. मायक्रो म्हणजे दशलक्षांश, नॅनो म्हणजे अब्जांश. मध्ये हजारपटींचं अंतर, आणि औषधाच्या बाबतीत सगळी गंमत त्या अंतरातच आहे. रक्तातली तांबडी पेशी सुमारे ७००० नॅनोमीटरची, तर औषध वाहून नेणारे कण बहुधा शंभराच्या आसपास.

'अब्जांश कण' मला पटत नाही. वाचताना कणाचा अब्जावा भाग असं वाटतं. तो शब्द मापापुरता ठेवा: नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जांश.

मग उरतो 'नॅनोकण', आणि तोच घ्या, जोडून लिहा. 'नॅनो'चं मूळ ग्रीक, अर्थ खुजा. आपल्या सीमाभागात आणखी एक सोय म्हणजे कन्नडातही 'कण'च म्हणतात. डॉक्टर कन्नडात बोलोत, कागद मराठीत असो, पेशंटच्या कानावर शब्द एकच पडतो.

उदाहरण द्यायचं तर घरी गरोदरपण तपासायच्या पट्टीचं द्या. बहुतेक पट्ट्यांवरची लालसर रेघ चक्क सोन्याच्या नॅनोकणांची असते. सोनं इतकं बारीक झालं की पिवळं न दिसता लाल दिसतं (सराफकट्ट्यावर सांगून बघा, कोण विश्वास ठेवतंय!). या कणांवर प्रतिपिंडं, म्हणजे ठरावीक रेणूच पकडणारी प्रथिनं, चिकटवलेली असतात. लघवीत एचसीजी हे संप्रेरक असलं की ते कणांना धरतं, रेघेपाशी अडकतं, आणि रंग उमटतो.

उपचाराच्या भागात 'लिपोसोम' येईल. लिपोसोम म्हणजे मेदाच्या पातळ पडद्याचा इवलासा पोकळ गोळा, औषध वाहून नेणारा नॅनोकणच. २०२१ साली म्युकरच्या (काळ्या बुरशीच्या) रुग्णांसाठी नातेवाईक दुकानोदुकानी शोधत फिरले ते 'लिपोसोमल अँफोटेरिसिन' हे बुरशीवरचं औषध याच जातीचं. साध्यापेक्षा मूत्रपिंडाला त्रास कमी. या शब्दाला मात्र मराठी प्रतिशब्द शोधू नका, आणि जागा वाचवायला गाळूही नका. साधं आणि लिपोसोमल ही दोन वेगळी इंजेक्शनं आहेत, दोन्हींची मात्रा वेगळी, आणि अदलाबदल झाली तर जिवावर बेतू शकतं. कुपीवर जे छापलंय तेच देवनागरीत उतरवा.