छत्तिशीतला नवरा रात्री गेम खेळतो, व्यसन लागलंय का?

हा प्रश्न हल्ली माझ्याकडे बायकाच जास्त विचारतात, आणि मुलाबद्दल नाही, नवऱ्याबद्दल. एक केस सांगते, ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत. कोथरूडचं जोडपं, तो हिंजवडीत आयटीत, सहा वर्षांची मुलगी, सासूबाई सोबत. रात्री जेवणं उरकली की हा हॉलमध्ये टीव्हीला गेम लावून बसतो, एकाच राक्षसाचा मार खातो आणि वर मोठमोठ्याने वैतागतो. बायको म्हणाली, "मॅडम, जिंकत असता तर समजलं असतं हो, हा रोज मरतो आणि रोज परत बसतो, ह्याला व्यसन नाही तर काय म्हणायचं?" सासूबाईंचं वेगळंच, स्क्रीनवरचं रक्त आणि त्या मूर्ती बघून त्यांना वाटलं पोरगं कसल्या भलत्याच नादाला लागलं.

गेम होता ब्लास्फेमस, २०१९ चा, स्पेनमधल्या सेव्हिलच्या द गेम किचन ह्या छोट्या स्टुडिओचा. हिरोचं ते उंच टोकदार शिरस्त्राण तिथल्या होली वीकच्या, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या आठवड्यातल्या, मिरवणुकीतल्या टोप्यांवरून घेतलंय, म्हणजे त्यांच्या गावचीच परंपरा. पण रक्तपात भरपूर, अमेरिकेत रेटिंग एम, १७ वर्षांच्या पुढच्यांसाठी.

मी त्याला म्हटलं, लॅपटॉप घेऊन ये, इथेच खेळून दाखव. बायको शेजारी. टेन पिएदाद नावाचा बॉस, म्हणजे हरवायला कठीण असा मोठा शत्रू, मूर्तीच्या मांडीवर पडलेलं अवाढव्य धूड, ते उठतं आणि ह्याला बडवतं. मेला. परत. दुसऱ्या वेळी बॉसची लाइफची पट्टी जवळजवळ संपलेली, नखाएवढी उरली होती आणि हा परत मेला, आणि मेल्याचं स्क्रीनवर नीट दिसायच्या आत त्याचा अंगठा पुढच्या बटणावर गेलेला, मी हाक मारली तर ऐकूच आली नाही. वर ह्या गेममध्ये मेलात की त्या जागी तुमच्या अपराधाचा एक तुकडा पडून राहतो, तो उचलेपर्यंत तुमची ताकद कमी, म्हणजे परत जावंसं वाटणार हे बनवणाऱ्यांनी मुद्दाम करून ठेवलंय. तव्यावर पोळी टाकून कोणी उठतं का, तसंच.

आता व्यसनाचं. डब्ल्यूएचओच्या, म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेच्या, आयसीडी-११ ह्या आजारांच्या यादीत, जी २०२२ पासून लागू झाली, गेमिंग डिसऑर्डर आहे, पण त्यासाठी खेळण्यावरचा ताबा सुटलेला हवा, बाकी सगळ्याच्या आधी गेम यायला हवा, नुकसान दिसत असूनही खेळणं चालू हवं, त्याने घर-नोकरी खरंच कोलमडत असायला हवी, आणि हे साधारण १२ महिने. ह्याचं ऑफिस नीट, रविवारी मित्रांबरोबर क्रिकेट, मुलीला शाळेत सोडणं कधी चुकलं नाही. हे व्यसन नाही, मी स्पष्ट सांगितलं. ज्यांचं खरंच कोलमडलेलं असतं त्यांना मी सायकिअ‍ॅट्रिस्टकडे पाठवते, घरात वायफाय बंद करून ते सुटत नाही.

सासूबाईंच्या भीतीचं म्हणाल तर अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनने २०२० मध्ये सांगितलंय की असल्या गेममुळे माणूस हिंसक गुन्हे करतो असं म्हणायला पुरेसा पुरावा नाही, मात्र ओरडणं, ढकलाढकली अशा गोष्टींशी थोडासा संबंध दिसतो. तर ओरडण्याबद्दल बायकोची तक्रार अगदीच हवेतली नव्हती! आणि मुलगी पाणी प्यायला उठून येते नि ते रक्त बघते, इथे तर बायकोचं शंभर टक्के बरोबर होतं. मुलगी गाढ झोपल्याशिवाय गेम लावायचा नाही, ह्यावर चर्चाच नको म्हटलं.

खरं भांडण होतं ते "पाच मिनिटं" ह्या शब्दावरून, कारण त्या पाचाची चाळीस व्हायची. मी घड्याळ काढूनच टाकलं. शेवटचा ट्राय कोणता ते खेळायच्या आधी मोठ्याने सांगायचं, मेल्यावर ठरवायचं नाही, मेल्यावर डोकं तापलेलं असतं आणि तेव्हाचं उत्तर कायम "अजून एकदा" असतं. बाकी वेळी गेममधली वेदी आली की उठायचं, तिथे गेम सेव्ह होतो, काही वाया जात नाही. बायकोला हे माहीतच नव्हतं, तिला वाटायचं मधे थांबवलं तर सगळं पहिल्यापासून.

पुढच्या भेटीत कळलं की शुक्रवारी हे मोडतं, मग शुक्रवार दोघांनी मिळून मोकळाच सोडला. सासूबाईंना अजूनही ते पटलेलं नाही. आणि ब्लास्फेमसचा दुसरा भाग २०२३ मध्येच आलाय हे त्याने अजून घरात सांगितलेलं नाही, ते त्याचं त्याने सांगावं, मी सांगणार नाही.