सोनोग्राफीचा कोर्स केला, तरी प्रोब हातात कोण देणार?

बारावी सायन्स झालेली एक मुलगी आणि तिचे बाबा करिअरचा सल्ला घ्यायला माझ्यासमोर बसले होते. टेबलावर दोन माहितीपत्रकं. एकावर ठळक अक्षरांत ‘सोनोग्राफी टेक्निशियन डिप्लोमा, एक वर्ष, नोकरीची हमी’. दुसरं मेडिकल इमेजिंगच्या, म्हणजे एक्स-रे, सीटी, एमआरआय वगैरेंच्या बी.एस्सी.चं, तीन वर्षं, शिवाय इंटर्नशिप. बाबांचा हिशेब सरळ होता. पोरगी वर्षभरात कमावती होत असेल तर बाकीची वर्षं कशाला घालवायची?

मी तिलाच विचारलं, “सोनोग्राफी होताना पाहिली आहेस कधी?”

“हो मॅडम, वहिनीबरोबर आत गेले होते. बाळाचं हृदय धडधडताना दिसलं. तेव्हाच ठरवलं, हेच करायचं.”

“पोटावरून फिरवतात तो प्रोब कोणाच्या हातात होता?”

“डॉक्टरांच्या.”

“आणि टेक्निशियन?”

ती आठवू लागली. “एक ताई होत्या. जेल लावत होत्या, डॉक्टर सांगतील ते टाइप करत होत्या.”

“मग हा डिप्लोमा करून तू कोणाच्या जागी असशील?”

बाबांनी ते माहितीपत्रक उचलून पुन्हा वाचायला घेतलं.

‘येथे गर्भलिंगनिदान केले जात नाही’ ही पाटी आपण सगळ्यांनी प्रत्येक सोनोग्राफी केंद्रात पाहिलेली असते. त्या पाटीमागे गर्भलिंगनिदान रोखणारा १९९४ चा पीसीपीएनडीटी कायदा आहे. त्याच कायद्यामुळे आपल्याकडे सोनोग्राफी करणारी व्यक्ती ठरावीक पात्रतेची डॉक्टरच असावी लागते. नुसतं एमबीबीएसही पुरत नाही; अशा डॉक्टरांसाठी २०१४ मध्ये सहा महिन्यांच्या प्रशिक्षणाचे वेगळे नियम आले. जिथे डॉक्टरांनाच इतकी अट, तिथे वर्षभराच्या डिप्लोमावर प्रोब कोण हातात देईल? माहितीपत्रकात यातलं अक्षरही नव्हतं. खोटं काही लिहिलं नव्हतं म्हणा, नोकरी लागेलही. फक्त कोणती, ते सांगितलं नव्हतं.

हे मी इतक्या ठामपणे सांगते कारण एकदा चुकले आहे. या कामात नवी असताना एका मुलाला असाच कोर्स मी स्वतः सुचवला होता. दोन वर्षांनी तो भेटायला आला. केंद्रात पेशंटचे नंबर पुकारायचे, गरोदर बायकांचे एफ फॉर्म, म्हणजे याच कायद्यातले सोनोग्राफीच्या नोंदीचे फॉर्म भरायचे, एवढंच त्याचं काम. फॉर्म भरण्याचं काम जोखमीचंच, त्यातल्या चुकीपायी केंद्रावर कारवाई होऊ शकते. पण तो शिकायला गेला होता ते हे नव्हे. तो मला काही बोलला नाही, आणि तेच जास्त लागलं.

बाबा म्हणाले, “पण परदेशात तर टेक्निशियनच सोनोग्राफी करतात.” खरं आहे. अमेरिकेत सोनोग्राफर स्वतः तपासणी करतो, अहवालावर शिक्कामोर्तब डॉक्टर करतात. पण तिथे कोर्सला सीएएएचईपी या मान्यता देणाऱ्या संस्थेची मान्यता आहे का हे पाहतात आणि बहुतेकदा एआरडीएमएस या सोनोग्राफरांना प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेच्या परीक्षा द्याव्या लागतात. ब्रिटनमध्ये बरेचसे सोनोग्राफर आधी रेडिओग्राफर, म्हणजे एक्स-रे वगैरे काढणारे होतात आणि मग पदव्युत्तर शिक्षण घेतात. म्हणजे बाहेर जायचा विचार असेल तरी हातात भक्कम पदवी हवीच. इथला एक वर्षाचा कागद तिथे कुणी विचारात घेईल असं मला वाटत नाही.

आता आपल्याकडेही अलाइड अँड हेल्थकेअर प्रोफेशन्सचा, म्हणजे आरोग्यसेवेतल्या तंत्रज्ञ वगैरेंसाठीचा २०२१ चा कायदा आहे. त्यात अलाइड हेल्थ प्रोफेशनल म्हणवून घ्यायला किमान २,००० तासांचं शिक्षण सांगितलं आहे, तेही निदान दोन वर्षांत पसरलेलं. एक वर्षाचा डिप्लोमा त्यात बसत नाही. बाबांनी इथे मान डोलावली. तासांचा हिशेब त्यांना लगेच पटला.

मुलीचा चेहरा मात्र उतरला होता. तिला बाळाचं हृदय बघायचं होतं आणि मी कायदे सांगत बसले होते. म्हणून मी तिला दोन कामं दिली. दोन्ही ठिकाणी फोन करून एकच प्रश्न विचारायचा : क्लिनिकल पोस्टिंग, म्हणजे रुग्णांबरोबरचं प्रत्यक्ष शिक्षण, कुठे आणि रोज किती पेशंट पाहायला मिळतात? आणि ओळखीतून एखाद्या इमेजिंग विभागात एक दिवस नुसतं बसून यायचं.

आठवड्यानं ती एकटीच आली. डिप्लोमावाल्यांनी सांगितलं होतं, “आमची स्वतःची लॅब आहे, मॉडेलवर शिकवतो.” पदवीवाल्यांनी रुग्णालयाचं नाव आणि पाळ्यांचं वेळापत्रक दिलं. विभागात बसून तिला कळलं, की एक्स-रे, सीटी, एमआरआयची यंत्रं टेक्नॉलॉजिस्टच चालवतात. रुग्णाला नीट झोपवणं, श्वास रोखायला सांगणं, प्रतिमा बिघडली तर का बिघडली ते ओळखणं, सगळं त्यांच्याच हातात. “सोनोग्राफी नाही, पण चित्र मीच काढणार ना?” तिनं विचारलं. मी हो म्हटलं.

तिनं बी.एस्सी.ला प्रवेश घेतला. मागच्या महिन्यात तिचा मेसेज आला : “मॅडम, आज एमआरआयला पहिलीच पाळी. एका आजींना आत नेणार, इतक्यात त्यांच्या अंबाड्यात राहिलेला लोखंडी आकडा मला दिसला! यंत्राच्या चुंबकानं तो खेचला असता!”