पहिलं इन्स्टॉलेशन करताना

इन्स्टॉलेशनसाठी, म्हणजे प्रेक्षक आत शिरून अनुभवतो अशा खोलीभर कलाकृतीसाठी, भावना हा विषय छान निवडलास! पण चार भावना एका खोलीत कोंबू नकोस. एकच घे. समजा, राग. फिनलंडच्या संशोधकांनी ७०१ जणांना भावना शरीरात कुठे जाणवतात ते रंगवायला लावलं. राग डोक्यात, छातीत आणि हातांतही उमटला. म्हणून प्रेक्षकाच्या हातांना काम दे. पुण्याच्या बोहरी आळीतल्या बाजारातून जाड दोर आण, ओढूनही न सुटणारी गाठ मार. ओढताना मुठी आणि जबडा आपोआप आवळतात.

नवखे हमखास इथे चुकतात:
- लाल दिवा लावला की राग झाला, असं समजतात.
- भिंतीवर लांबलचक मजकूर चिकटवतात.

आधी दोन-तीन मित्रांवर करून बघ. त्यांचे खांदे बघ, मत नंतर विचार. आणि दोर पंख्याच्या हुकाला अजिबात बांधू नकोस. सेन्सर, प्रोजेक्टर पुढच्या कामात बघू.