वाचकांचे प्रश्न : आजी-आजोबा, नातवंडं आणि दोन दिवसांचं रान

प्रश्न : सासू-सासरे पंचाहत्तरीच्या आसपासचे, सासूबाईंचा उजवा गुडघा दुखतो. मुलं सात आणि तीन वर्षांची. डिसेंबरात दोन रात्री गोव्यातल्या जंगलात राहायचं आहे. दूधसागर धबधबा, तांबडी सुर्ला, बोंडला आणि नेत्रावळी ही अभयारण्यं एवढं बसवता येईल का? (म्हापसा)

बसवता येईल, पण मग सगळा वेळ गाडीतच जाईल. आजी पाठ धरून बसतील आणि धाकटं रडत राहील. मुक्काम एकाच ठिकाणी ठेवा आणि फार तर एक जागा बाहेरची घ्या.

आमचं मत बोंडल्याच्या बाजूनं आहे. चोडणचं पक्षी अभयारण्य सोडलं तर गोव्यातल्या अभयारण्यांत ते सगळ्यात लहान, जेमतेम 8 चौरस किलोमीटरचं. फोंड्यापासून लांब नाही, त्यामुळे रात्री कुणाला बरं वाटेनासं झालं तर दवाखाना गाठता येतो. आत प्राणिसंग्रहालय आहे आणि वाटा चालण्याजोग्या आहेत. प्राणिसंग्रहालय गुरुवारी बंद असतं, तो दिवस टाळून नोंदणी करा. वनखात्याचं निवासस्थान घ्या किंवा जवळच्या कुळागरातलं (सुपारी-नारळाच्या बागेतलं) घर, फोनवर तीन गोष्टी नेमक्या विचारा: खोलीपर्यंत पायऱ्या किती, कमोड आहे का, रात्री वीज गेली तर सोय काय. ‘सगळी सोय आहे’ एवढ्या उत्तरावर पैसे भरू नका.

बाहेरची एक जागा म्हणून तांबडी सुर्ल्याचं महादेवाचं देऊळ निवडा. कदंबकालीन, काळ्या दगडाचं, चहूबाजूंनी रान आणि शेजारी नदी. गाडी बरीच जवळ जाते, चालणं थोडं. सकाळी लवकर निघालात तर दुपारच्या जेवणाला परत येता. दूधसागर या खेपेला सोडा. कुळ्याहून जीप ओढ्यातून आणि दगडधोंड्यांतून हिसके देत जाते, शेवटचा टप्पा मोठ्या दगडांवरून पायी. दुखरा गुडघा आणि तीन वर्षांचं मूल, दोघांनाही तो रस्ता नको.

दिवस असा लावा: सकाळी सात ते साडेनऊ रान, मग पेज किंवा नाश्ता, दुपारी सगळ्यांची झोप, साडेचारनंतर पुन्हा अर्धा तास. चालण्याचं अंतर मुलांवरून ठरवू नका, आजींच्या परतीच्या वाटेवरून ठरवा. गुडघा चढताना तक्रार करतो, पण खरा मार उतरताना बसतो. म्हणून जाताना चढ आणि येताना उतार अशी वाट त्यांच्यासाठी वाईट. सपाट वाट घ्या, आणि त्या ‘अजून जमेल’ म्हणतात तिथूनच मागे फिरा.

काठी न्याच. हात सरळ खाली सोडल्यावर काठीची मूठ मनगटाच्या रेषेशी यायला हवी. उजवा गुडघा दुखत असेल तर काठी डाव्या हातात धरायची. उजव्या हातात धरली की शरीराचा भार दुखऱ्या पायावरच कलतो, आणि बहुतेक जण नेमकी हीच चूक करतात. पायरी चढताना आधी चांगला पाय, उतरताना आधी काठी आणि दुखरा पाय. काठीच्या टोकाचं रबर उलटं करून पाहा. त्यावरच्या खाचा गुळगुळीत झाल्या असतील तर ओल्या पाल्यावर ते हमखास घसरतं. नवं रबर स्वस्तात मिळतं.

मुलांना वाघाची आशा लावू नका. शेकरू दिसतो, तोही आधी कानांना. झाडाच्या शेंड्यातून खडखडाटासारखा आवाज आला की सगळ्यांनी जागच्या जागी थांबायचं. मागचे पाय फांदीला रोवून तो उलटा लोंबतो, पुढच्या दोन पायांत फळ धरून कुरतडतो, आणि टरफलं खाली वाटेवर पडत राहतात. ताजी टरफलं दिसली की वर बघा. ऐनाच्या खोडावरून मुलांचा हात फिरवा, साल मगरीच्या पाठीसारखी चौकोनी भेगाळलेली असते. गवा दिसला तर फोटोसाठी पुढे जाऊ नका, वाट त्याची आहे असं समजून सावकाश मागे या.

प्रश्न : सत्तरी तालुक्यात माकडतापाचे रुग्ण सापडले होते. लहान मुलांना रानात न्यावं का? (साखळी)

न्यावं, पण काळजी घेऊन. हा ताप पसरवतात त्या गोचिडी, आणि त्यातही त्यांची पिल्लं, जी नाचणीच्या दाण्याएवढी बारीक असल्यानं नजरेतून सुटतात. पावसाळा सरल्यावर, विशेषतः जानेवारी ते मे, धोका जास्त. ज्या गावात त्या हंगामात रुग्ण आहेत किंवा माकडं मरून पडली आहेत तिथं जाऊच नका. निघण्याआधी त्या भागातल्या आरोग्य केंद्रात फोन करून विचारा.

कपडे फिक्या रंगाचे, बाह्या पूर्ण, विजारीचे पाय मोज्यांत खोचलेले. वाळक्या पाल्यावर बसकण मारू नका. नेमकी इथंच चूक होते: मोठी माणसं वाटेवर चालतात आणि मुलं सुकलेल्या पानांच्या ढिगात लोळतात. आजोबांसाठी घडीची खुर्ची घ्या, मुलांसाठी जाड ताडपत्री. गोचिडी दूर ठेवणारं डीटचं मलम 30 टक्क्यांपर्यंतचं चालतं, दोन महिन्यांखालच्या बाळाला मात्र नाही. ते मुलांच्या तळहातांना लावू नका, हात तोंडात जातात. ऊन्हाचं मलम आधी, हे नंतर.

परत आल्या आल्या कपडे काढून थेट गरम पाण्यात आणि मुलांना साबणाची आंघोळ. मग कानामागे, केसांत, काखेत, बेंबीत, जांघेत आणि गुडघ्यामागे बघा. आजी-आजोबांची पाठ दुसऱ्या कुणीतरी बघायची. गोचीड चिकटलेली असेल तर बारीक टोकाच्या चिमट्यानं कातडीला लागून पकडा आणि पीळ न देता सरळ वर ओढा. रॉकेल, तेल, पेटती काडी काही नको, त्या उपायांत वेळ जातो आणि गोचीड तेवढा वेळ चिकटून राहते. जागा साबणानं धुवा, तारीख लिहून ठेवा. चावल्यावर साधारण 3 ते 8 दिवसांत ताप येतो. पुढच्या पंधरवड्यात जोराचा ताप, डोकेदुखी आणि अंगदुखी झाली तर डॉक्टरांना आधी रानाचं सांगा, नंतर बाकीचं. मेलेल्या माकडाला हात लावू नका, वनखात्याला कळवा.

प्रश्न : मुलं ओढ्यात खेळायला उतरणारच. किती पाण्यापर्यंत सोडावं? (वास्को)

सगळ्यात धाकट्याच्या गुडघ्यापर्यंत, आणि तळ दिसत असेल तरच. प्रत्येक मुलामागे एक मोठं माणूस, हात लांबवला की पोर हाती येईल एवढ्या अंतरावर. या हिशेबात आजी-आजोबांना धरू नका. शेवाळावर घसरणारं मूल सावरताना ते स्वतः पडतात, आणि त्या वयात मांडीचं हाड मोडलं की कित्येक महिने जातात. फुगवायच्या रबरी कड्यांवर भरवसा ठेवू नका, त्या उलटतात. पाणी अचानक गढूळ झालं, काटक्या-पाला वाहत येऊ लागला किंवा वरच्या अंगाला गडगडलं तर सामान तिथंच टाकून उंचावर जा. आपल्या डोक्यावर पाऊस नसतानाही पाणी चढतं. पावसाळ्यात अभयारण्यातल्या धबधब्यांवर बंदीचे हुकूम निघतात, त्या दिवसांत जाऊच नये.

प्रश्न : साप चावलाच तर गाडी येईपर्यंत काय करायचं? (मडगाव)

चावलेला अवयव हलवू नका, चालवू नका, अंगठ्या आणि पैंजण काढा, वेळ टिपून ठेवा, 108 लावा. दोरी बांधणं, चिरणं, चोखणं, बर्फ लावणं हे सगळं नुकसान करतं. साप मारायच्या मागे लागू नका. आपल्याकडची सर्पदंशावरची लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं यांच्या विषावर चालते. घाटातल्या चापडा जातीच्या विषारी सापांवर तिचा भरवसा नाही, म्हणून ‘साप बारकासाच होता’ म्हणून घरी थांबू नका, इस्पितळात देखरेखीखाली राहा. मोबाईलची रेंज कुठं मिळते ते पोचल्या दिवशीच बघून ठेवा. बूट सकाळी झटकून घाला आणि रात्री न्हाणीघरापर्यंत जातानासुद्धा विजेरी घ्या.

प्रश्न : आजोबांचं इन्सुलिन, आणि खोलीत फ्रीज नाही. (फोंडा)

वापरात असलेली बाटली 30 अंशांखाली साधारण चार आठवडे टिकते, प्रकारानुसार फरक पडतो म्हणून खोक्यावरचं वाचा. मातीच्या मडक्यात ओली वाळू घाला, त्यात छोटं मडकं बसवा, बाटली प्लास्टिकच्या डबीत घालून आतल्या मडक्यात ठेवा आणि वरून ओलं फडकं. जागा सावलीची आणि वाऱ्याची हवी. बर्फाला टेकवू नका, एकदा गोठलेलं इन्सुलिन कामाचं राहत नाही. उन्हात उभ्या गाडीत तर पाच मिनिटंही नको.

चालण्यानं साखर खाली येते आणि सहलीत जेवण लांबतं, हे दोन्ही एकदम झालं की घाम, थरथर आणि भ्रमिष्टासारखं बोलणं सुरू होतं. तीन चमचे साखर पाण्यात ढवळून द्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा, मग भाकरी किंवा पोळी. शुद्ध हरपलेल्याच्या तोंडात काही घालू नका. साखरेची पुडी आजोबांच्या खिशातच असू द्या, गाडीतल्या पिशवीत नको.